तहानेला नुसतं पाणी नको : इलिओस्टॉमीनंतरच्या एका उन्हाळ्याचं प्रकरण

आक्कांना उचलून माझ्या दवाखान्यात आणलं, त्या दिवशी सकाळपासून त्या चार तांबे पाणी प्यायल्या होत्या. तात्यांनी, म्हणजे त्यांच्या मालकांनी, मोजून सांगितलं. वर दोन ग्लास उसाचा रस. तरीही जीभ लाकडासारखी कोरडी, डोळे खोल गेलेले आणि दोन्ही हातांचे अंगठे तळव्यात वळून बसलेले. बोटं सरळ करायला गेलो तर त्या कळवळल्या. वरचं ब्लडप्रेशर ७८, नाडी १२८. सकाळपासून लघवी एकदाच झाली होती, ओंजळभरही नाही, कोऱ्या चहाच्या रंगाची.

‘भरपूर पाणी प्या’ असं दोन दिवसांपूर्वी मीच त्यांना सांगितलं होतं.

हे प्रकरण मी आक्कांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात, भिलवडीच्या आसपास माझा दवाखाना आहे आणि मी साधा फॅमिली डॉक्टर आहे. मोठी ऑपरेशनं आमच्याकडे होत नाहीत, पण ऑपरेशन झालेली माणसं शेवटी आमच्याकडेच परत येतात. पोटावर मलाची पिशवी घेऊन आलेल्या माणसाचं पुढे काय होतं आणि काय होऊ नये, हे मला आक्कांमुळे नीट कळलं.

आधीची हकिकत

आक्का ४७ वर्षांच्या. घरी दीड एकर ऊस, थोडी द्राक्षबाग, दोन म्हशी. हंगामात बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायच्या. आठ वर्षांपूर्वी शौचातून रक्त जायला लागलं. आमच्या भागात रक्त म्हटलं की मूळव्याध, हे ठरलेलंच. दोन वर्षं झाडपाला, मलम, एकदा कुणाकडून तरी इंजेक्शनही झालं. मग वजन उतरलं आणि मिरजेत दुर्बिणीने तपासणी झाली. अल्सरेटिव्ह कोलायटिस. या आजारात मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं, त्यावर जखमा होतात. सुरुवात गुदाशयापासून होते आणि सूज सलग वर सरकत जाते. सूज दाबणारी औषधं आली, आधी मेसालामाइन, पुढे अझाथायोप्रिन, मधूनमधून स्टिरॉइड. बरं वाटलं की गोळ्या बंद, बिघडलं की पुन्हा सुरू. या आजारात ही चूक फार जण करतात, कारण मधले बरे दिवस खरोखरच पूर्ण बरे असतात.

या जानेवारीत मात्र दिवसातून बारा-चौदा वेळा रक्तमिश्रित शौच, ताप, नाडी ११०, हिमोग्लोबिन ७.८. ट्रूलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी १९५५ मध्ये तीव्र कोलायटिस ओळखायची जी फूटपट्टी घालून दिली, ती आजही वापरात आहे. दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्ताचं शौच आणि त्याबरोबर ताप, नव्वदच्या वर नाडी, साडेदहाच्या खाली हिमोग्लोबिन किंवा वाढलेला ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) यांपैकी एक जरी असेल, तर रुग्ण दवाखान्यात दाखल हवा. आक्कांना तर पहिली तिन्ही होती. दाखल केलं, शिरेतून हायड्रोकॉर्टिझोन हे स्टिरॉइड सुरू झालं. चौथ्या दिवशीच्या एक्स-रेमध्ये आडवं आतडं फुगून सहा सेंटिमीटरच्या पुढे गेलेलं दिसलं. आतडं असं फुगलं की फुटायची भीती असते. सर्जननी रात्रीच पोट उघडलं. मोठं आतडं काढलं, गुदाशय तूर्त ठेवला आणि लहान आतड्याचं टोक पोटाच्या उजव्या बाजूने बाहेर काढलं. यालाच इलिओस्टॉमी म्हणतात. बाहेर दिसणारं लालबुंद तोंड म्हणजे स्टोमा.

त्या ऑपरेशनने आक्कांचा जीव वाचला हे आधी नोंदवतो, कारण पुढचं सगळं वाचून कुणाला पिशवीचीच भीती बसू नये.

परकराच्या नाडीखालचा स्टोमा

स्टोमाची जागा ऑपरेशनच्या आधी, रुग्ण शुद्धीवर असताना ठरवायची असते. बसवून, उभं करून, वाकायला लावून बघायचं, वळी कुठे पडते, हाड कुठे लागतं, रुग्णाला स्वतःच्या डोळ्यांनी कुठलं दिसतं. मग पेनाने खूण करायची. आमच्या बायकांच्या बाबतीत यात आणखी एक प्रश्न असतो, परकराची नाडी कुठे येते? नऊवारी नेसणारीचा ओचा कुठे येतो? रात्रीच्या तातडीच्या ऑपरेशनमध्ये यातलं काही झालं नाही आणि त्या परिस्थितीत मी कुणाला दोष देणार नाही. आडव्या झोपलेल्या, बेशुद्ध, पोट फुगलेल्या बाईच्या अंगावर जागा शोधायची म्हणजे अंदाजच. आक्का उभ्या राहिल्या तेव्हा स्टोमा बरोबर नाडीखाली आला.

पहिला त्रास तिथून सुरू झाला. नाडी दाबली की पिशवीची कातडीला चिकटणारी चकती एका कडेने उचकटायची. लहान आतड्यातून येणारा मल पातळ असतो आणि त्यात पचनाचे रस जिवंत असतात. मोठ्या आतड्यातून घट्ट होऊन येणारा मल कातडीला जेवढा झोंबतो त्याच्या कितीतरी पट हा जाळतो. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रूक यांनी आतड्याचं टोक बाहीसारखं उलटवून शिवायची पद्धत मांडली, ती काही अंशी याचसाठी. टोक दोन-तीन सेंटिमीटर नळीसारखं पुढे आलं की मल कातडीला न लागता पिशवीत पडतो. आक्कांचा स्टोमा पुढे आलेला होता, पण त्या बसल्या की पोटाची वळी त्याला गिळायची.

दुसरी चूक कात्रीची. रुग्णालयातून घरी येताना चकतीला भोक पाडायचा पुठ्ठ्याचा साचा दिला होता. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो, पुढचे सहा-आठ आठवडे तो आकसत जातो. साचा मात्र तोच राहिला. तात्या दर वेळी त्याच मापाचं भोक कापत होते. भोक आणि स्टोमा यांच्यामध्ये बोटभर कातडी उघडी पडली आणि त्या उघड्या कातडीवर दिवसरात्र मल. तिसऱ्या आठवड्यात मी पाहिलं तेव्हा स्टोमाभोवती सोललेल्या टोमॅटोसारखी लाल, पाझरणारी कातडी होती. त्यावर घरच्यांनी खोबरेल लावलं होतं आणि वरून अंगाची पावडर. मायेनेच लावलेलं, पण तेल लागलं की चकती चिकटत नाही. मग गळती आणखी, जळजळ आणखी, पुन्हा तेल.

हे सुधारणं त्या मानाने सोपं होतं. मिरजेच्या एका अनुभवी सिस्टरना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं केलं. दर वेळी स्टोमा मोजायचा आणि भोक त्याच्यापेक्षा फक्त एक-दोन मिलिमीटर मोठं ठेवायचं. कातडी कोमट पाण्याने धुवायची, साबण नको. टिपून कोरडी करायची, ओल्या जागी स्टोमा पावडर भुरभुरून जास्तीची झटकायची. वळीत पेस्ट भरायची आणि सपाट चकतीऐवजी मध्ये फुगीर असलेली वापरायची. परकराची नाडी आक्कांनी स्टोमाच्या चार बोटं वर बांधायला घेतली. दहा दिवसांत कातडी गुलाबी झाली.

पण त्या तीन आठवड्यांत आक्कांनी एक गोष्ट स्वतःशीच ठरवली होती आणि ती कुणालाच सांगितली नव्हती. पिशवी कमी भरावी म्हणून त्यांनी जेवण अर्ध्यावर आणलं होतं. भाकरी सोडली. भाताची पेज आणि पाणी एवढ्यावर राहिल्या. मीठ तर ‘सूज येते’ म्हणून आधीच तोडलं होतं.

माझी चूक

मार्च सरला, ऊन चढलं. आक्का दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, ‘डाक्टर, पोटऱ्या लई वळत्यात. तहान तर जातच न्हाय. पिशवी रात्रीत चारदा वतावी लागती.’

चारदा हा आकडा मी ऐकला आणि पुढे गेलो. माझ्या डोक्यात उन्हाळ्यातले जुलाब होते. दिवसाला चाळीस रुग्ण तपासताना हात आपोआप चालतो. सांगितलं, भरपूर पाणी प्या, सरबत प्या, उसाचा रस चालेल. पोटऱ्यांसाठी कॅल्शियमची गोळी लिहिली. पिशवीत चोवीस तासांत किती येतं, लघवी किती होते, उभं राहिल्यावर चक्कर येते का, यातलं काही विचारलं नाही. झोपवून आणि उभं करून ब्लडप्रेशर बघितलं नाही. वजन केलं नाही. यातल्या एकालाही यंत्र लागत नाही.

आता त्यात चुकलं काय ते सांगतो, कारण ते वरवर उलटं वाटतं.

आपण खातो-पितो ते आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं सगळं मिळून रोज आठ-नऊ लिटर पातळ पदार्थ लहान आतड्यातून जातो. त्यातला बहुतेक तिथेच शोषला जातो. उरलेला लिटर-दीड लिटर मोठं आतडं ओढून घेतं, त्याबरोबर मीठही. म्हणून शौचात जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर पाणी जातं. मोठं आतडं काढलं की हा शेवटचा बांध गेला. सुरुवातीला लिटरभर किंवा थोडं जास्त बाहेर येतं, मग काही आठवड्यांत लहान आतडं शिकतं आणि प्रमाण पाचशे ते आठशे मिलिलिटरवर स्थिरावतं. दीड लिटरच्या पुढे गेलं की धोका.

बाहेर जाणारं हे पाणी खारं असतं. एका लिटरमागे साधारण शंभर मिलिमोल सोडियम. आक्कांचं नंतर मोजलं तेव्हा चोवीस तासांत २.४ लिटर निघालं. म्हणजे रोज चौदा ग्रॅमच्या आसपास मीठ, सपाट अडीच चमचे, पिशवीतून गटारात. आणि घरात जेवण अळणी.

अशा वेळी साधं पाणी प्यालं की काय होतं? लहान आतड्याचा वरचा भाग फार सच्छिद्र असतो. आत अळणी पाणी आलं की रक्तातलं मीठ तिकडे ओढलं जातं, आतलं आणि बाहेरचं खारेपण सारखं व्हावं म्हणून. पुढे ते मीठ परत घ्यायला मोठं आतडंच उरलेलं नसतं. मग पाणीही जातं आणि अंगातलं मीठही घेऊन जातं. जितकं पाणी जास्त, तितकी पिशवी जास्त भरते, तितकी तहान जास्त. उसाच्या रसाची गोष्ट वेगळी, पण शेवट तोच. त्यात साखर इतकी की ती अंगातलं पाणी आतड्यात खेचते. भिलवडीच्या माणसाला गुऱ्हाळावरचा रस नको म्हणणं जड जातं, मलाही गेलं. पण त्या रसाने आक्कांचं अंग आणखी सुकलं.

मिरज

१०८ बोलावली, तोवर सलाइन जोरात सोडलं. नॉर्मल सलाइन, ग्लुकोजचं नाही. १८९४ मध्ये विल्यम वॉन्लेस यांनी मिरजेत रुग्णालय उभं केलं तेव्हापासून मोठ्या आजाराला मिरज ही आमच्याकडची वहिवाट आहे, कर्नाटकातूनही माणसं येतात. तिथल्या तपासण्या अशा आल्या. क्रिएटिनिन ३.४, म्हणजे मूत्रपिंडं कोरडी पडलेली. सोडियम ११९. पोटॅशियम ३.२. मॅग्नेशियम ०.९. रक्तातली साखर ५८.

अंगठे वळले होते ते मॅग्नेशियममुळे. ते घसरलं की कॅल्शियमही खाली येतं, आणि पोटॅशियम कितीही दिलं तरी वर चढत नाही. मी लिहिलेली कॅल्शियमची गोळी त्याला काय पुरणार?

साखर ५८ का, हा प्रश्न तिथल्या तरुण डॉक्टर मॅडमना पडला आणि त्यांनी तात्यांना असं काही विचारलं, जे मी विचारायला हवं होतं. ‘स्टिरॉइडच्या गोळ्या कधी बंद केल्या?’

तात्या म्हणाले, ‘दहा दिसातच. आता आतडंच काढलंया, मग आतड्याची गोळी कशाला खायाची?’

त्यांचं बोलणं त्यांच्या परीने सरळ होतं. डिस्चार्ज कार्डवर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅमपासून दर आठवड्याला कमी करत न्यायचं लिहिलं होतं, इंग्रजीत, बारीक अक्षरात. पण महिनोन् महिने बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, बनवायचं थांबतं. गोळी एकदम तोडली तर ब्लडप्रेशर पडतं, साखर पडते, मळमळ होते, अंगात त्राण राहत नाही. आणि इलिओस्टॉमीच्या रुग्णात आणखी एक गोष्ट होते, पिशवीतला पातळपणा वाढतो. स्टोमा एकाएकी जास्त वाहू लागला तर जी कारणं शोधायची, त्यात पोटातला पू, अर्धवट अडकलेलं आतडं, जंतुसंसर्ग यांच्याबरोबर हेही यादीत असतं. आक्कांचं कॉर्टिसॉल तपासायला रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न बघता हायड्रोकॉर्टिझोन दिलं. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, फारच कमी. सोनोग्राफी, सीटी, मलाची तपासणी, सगळं करून बाकीची कारणं बाजूला पडली.

म्हणजे दोन गोष्टी एकमेकींवर चढल्या होत्या. गोळी तुटली म्हणून वाहणं वाढलं आणि पाणी पिऊन आम्ही ते आणखी वाढवलं.

पुढचे दोन दिवस तोंडाने जवळजवळ काही नाही. सगळं शिरेतून. सोडियम मुद्दाम हळूहळू वर आणलं, चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त नाही, कारण घाईने चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. शिरेतून मॅग्नेशियम. मग लोपेरामाइड, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, दिवसातून चारदा. ही गोळी जुलाबाची म्हणून सगळ्यांना ठाऊक, पण इथे ती आतड्याची चाल मंदावण्यासाठी, आणि मात्रा नेहमीपेक्षा मोठी, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखालीच. पोटातलं आम्ल कमी करायला ओमेप्राझोल. सिस्टरनी पिशवीत एक न विरघळलेली कॅप्सूल आणून दाखवली. लहान आतड्यातून सगळं इतक्या घाईने पुढे सरकत असतं की काही गोळ्या तशाच्या तशा बाहेर पडतात. तेव्हापासून लोपेरामाइडची कॅप्सूल उघडून दिली. माझ्या रुग्णांना मी आता नेहमी विचारतो, ‘पिशवीत गोळी दिसते का?’

त्याच वॉर्डात सिस्टरनी आक्कांना पिशवीची गोष्ट सांगितली. डेन्मार्कमध्ये एलिझे सोरेनसेन नावाची परिचारिका होती. तिच्या बहिणीला स्टोमा झाला आणि गळतीच्या भीतीने ती घराबाहेर पडेना. त्या परिचारिकेने १९५४ मध्ये चिकट कडेची, वापरून टाकून द्यायची पिशवी सुचवली. आक्का ऐकून बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘म्हंजी भनीनं भनीसाठी केलीया.’ त्या दिवसापर्यंत त्या पिशवीकडे बघतही नव्हत्या, तात्याच सगळं करायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने ती रिकामी केली.

नवव्या दिवशी घरी सोडलं. क्रिएटिनिन १.४, सोडियम १३५, पिशवीत चोवीस तासांत ११०० मिलिलिटर.

तांब्या आणि वही

खरी कसोटी घरी होती. दिवसभरात साधं पाणी, चहा, ताक सगळं धरून लिटरच्या आत. बाकी तहान मीठ-ग्लुकोजच्या पाण्याने भागवायची. एप्रिलमध्ये, पारा चाळिशीकडे सरकत असताना. आक्कांच्या सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी मला दारातच गाठलं. ‘तहानलेल्या जिवाला पाणी द्यायचं न्हाय म्हंजी काय? वैऱ्याला बी देत्यात.’

त्यांच्याशी वाद घालणं मला जमलंही नसतं आणि शोभलंही नसतं. मी त्यांच्यासमोर दोन तांबे ठेवले. एकात साधं पाणी, दुसऱ्यात ‘औषधाचं पाणी’. सांगितलं, ‘आजी, पाणी द्यायचंच. फक्त या तांब्यातलं. साधं पाणी हिच्या अंगात टिकत नाही, मीठ असलं की टिकतं.’ त्यांनी बोट बुडवून चव घेतली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, ‘लिंबू पिळलं तर चालंल का?’ चालतं. त्या दिवसापासून दुसरा तांब्या भरायचं काम आजींनी स्वतःकडे घेतलं आणि आक्का चोरून पाणी पितात का यावर त्यांच्याइतकी करडी नजर कुणाचीच नव्हती.

त्या पाण्याचं प्रमाण असं. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे ग्लुकोज पावडर, एक सपाट चमचा मीठ, अर्धा सपाट चमचा खाण्याचा सोडा. चमचा पाच मिलिलिटरचा, औषधाच्या मापाचा, घरातला कुठलाही नाही. ते गार ठेवायचं, घोट घोट प्यायचं, चोवीस तासांनी उरलेलं फेकायचं. याला जुलाबात देतात त्या ओआरएसपेक्षा मीठ जास्त लागतं, लिटरला नव्वद मिलिमोलच्या आसपास सोडियम. जागतिक आरोग्य संघटनेच्या ओआरएसमध्ये ७५ असतं. तत्त्व मात्र एकच आहे, ग्लुकोज आणि मीठ बरोबर असले की आतडं दोघांना हात धरून आत घेतं आणि पाणी मागोमाग येतं. १९७१ च्या निर्वासितांच्या लोंढ्यात बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटून कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर हे प्रमाण आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

मुलाने मेडिकलमधून गोड खोके आणले होते, त्यावर मोठ्या अक्षरात ओआरएस लिहिलेलं. त्यात साखर भरपूर आणि मीठ नावाला. २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांवर ओआरएस हे नाव लावायला बंदी केली. ती आधी झाली असती तर आक्कांच्या घरातले निदान दोन दिवस वाचले असते, असं मला वाटतं.

मोजायला वेगळं भांडं आणायची गरज पडली नाही. दुभत्याचं घर, दुधाची मापं होतीच, त्यातलं एक कायमचं बाजूला काढलं. डेअरीच्या कार्डासारखी तात्यांनी वहीत रकानेही आखले. सकाळ, संध्याकाळ, पिशवी, लघवी, वजन. फॅट आणि डिग्री लिहायची सवय असलेला माणूस, आकडे अगदी चोख. मी तीन खुणा सांगून ठेवल्या. पिशवी सलग दोन दिवस दीड लिटरच्या वर, लघवी दिवसाला पाऊण लिटरच्या खाली, किंवा दोन दिवसांत वजन दोन किलोने खाली, की फोन. स्टिरॉइडच्या गोळ्यांचा उतरता क्रम मी मराठीत, तारखांसकट, एका मोठ्या कागदावर लिहून देवघराशेजारी चिकटवला.

देवघराचा विषय निघाला म्हणून सांगतो. आक्का तोवर देवाजवळ जात नव्हत्या. पोटावर घाण घेऊन कसं जायचं, असं त्यांना वाटायचं, कुणी तसं म्हटलं नसतानाही. मी काही समजवायला गेलो नाही. एक दिवस आजींनीच हाक मारली, ‘पोटात तर सगळ्यांच्याच असतंया, तुझं जरा भाईर हाय. ये, दिवा लाव.’

अन्नाचं हळूहळू बसत गेलं. भाकरी परत आली, मीठ परत आलं, लोणचं-पापडाला पहिल्यांदाच डॉक्टरचा आशीर्वाद मिळाला. भात, केळं, बटाटा यांनी मल घट्ट होतो. पिशव्यांचा खर्च दुधाच्या दहा दिवसांच्या बिलातून निघतो, आणि पावसाळ्याआधी महिनाभराचा साठा करून ठेवायचा हे तात्यांनी आपणहून ठरवलं. २०१९ च्या पुरात रस्ते बंद झाले होते, ते आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही.

नंतरचं

जून-जुलै चांगले गेले. ऑगस्टमध्ये एकदा पिशवी सहा तास कोरडी, पोटात मुरडा, स्टोमा सुजलेला. कारण मूठभर बेदाणे. शेडवरच्या मैत्रिणीने दिलेले, न चावता खाल्लेले. सुका मेवा आत फुगतो आणि स्टोमाच्या तोंडाशी अडतो. तसंच मक्याचं, शेंगदाण्यांचं, द्राक्षाच्या सालींचंही. अशा वेळी लोपेरामाइड अजिबात घ्यायचं नाही आणि उलट्या सुरू झाल्या तर घरी थांबायचं नाही. आक्कांना त्या रात्रीच पाठवलं, पोट शेकून, सलाइनवर, सकाळपर्यंत मोकळं झालं.

दिवाळीनंतर स्टोमाशेजारी फुगवटा दिसू लागला. हर्निया. वैरणीचा भारा उचलू नका, हे मी सांगितलं होतं, पण म्हशी काय बोलणं ऐकून थांबतात? सध्या पट्टा बांधतात, दुखत नाही, पिशवी नीट बसते. म्हणून सर्जननी घाई केलेली नाही.

आत ठेवलेल्या गुदाशयातून मधूनमधून बुळबुळीत पाणी, कधी रक्ताचा थेंब येतो. पहिल्यांदा त्या फार घाबरल्या, आजार परत आला म्हणून. तो भाग आहे तोवर त्याला सूज राहू शकते आणि पुढे कर्करोगाचा धोकाही असतो. म्हणून दुर्बिणीची तपासणी ठरल्याप्रमाणे करत राहायची. तो काढून लहान आतड्याचीच आतल्या आत पिशवी करायचा मार्ग आहे, लंडनच्या पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये तो मांडला. मग पोटावर पिशवी राहत नाही, पण एक-दोन ऑपरेशनं आणखी आणि दिवसाला पाच-सहा वेळा शौच.

सर्जननी त्यांना दोन्ही बाजू नीट समजावल्या. आक्का परत येताना दवाखान्यात थांबल्या, वही पुढे केली. पिशवी ७००, लघवी १२००, वजन ५१ किलो. क्रिएटिनिन १.०. मी विचारलं, काय ठरवलं?

‘अजून न्हाय. या पिशवीचं आता जमलंया. बागेची ऑक्टोबर छाटणी उरकू द्या, मग सांगते.’

वहीत पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.